पन्नास रुपयांची श्रीमंती

दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत द्या, असा संपादकांचा दरसालचा आग्रह असतो. पण यंदा माझ्या डोक्यात चकली-कडबोळी नाहीत, एक अर्ज घोळतो आहे. वाचकांनी तोच गोड मानून घ्यावा.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी साठी ओलांडली आहे. नवरा गेला, मूलबाळ नाही. पूर्वी चार घरची कामे करीत. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून आमचे एकच घर उरले. श्रावणात एके दिवशी सौ. म्हणाली, "अहो, निराधार बायकांना सरकार पैसे देतं ना? एवढे मराठीचे प्राध्यापक तुम्ही, मावशींचा एक अर्ज भरून द्या की!"

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासूनची. २०२३ साली महिन्याच्या हजाराचे दीड हजार झाले. म्हटले, अर्ज म्हणजे मराठीच ना! वीस वर्षे मी मुलांना संतवाङ्मय शिकवतो आहे. पण 'उपरोक्त', 'साक्षांकित', 'सक्षम प्राधिकारी' ह्या मंडळींनी पहिल्याच पानावर माझा घाम काढला. ज्ञानेश्वरीवर निदान टीका तरी मिळतात!

मग दाखले. वयाचा, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा, नवऱ्याच्या मृत्यूचा. नवरा वारला गावी, त्यामुळे एस.टी.च्या दोन खेपा. सगळे घेऊन कचेरीच्या खिडकीशी उभे राहिलो, तर रेशनकार्डावर मावशींच्या नावाला 'बाई' जोडलेले आणि आधारकार्डावर नुसतेच नाव!

"ह्या दोन बाया एकच कशावरून?" कारकुनाने विचारले.

मावशी समोर उभ्या होत्या. पण त्या साक्षांकित नव्हत्या. पुन्हा प्रतिज्ञापत्र, पुन्हा रांग, पुन्हा माझी किरकोळ रजा.

हे सारे मी हसत सोसले. खरा पेच पुढेच होता. मावशींचे नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाही. तेव्हा वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला हवा.

"महिन्याला काय मिळतं?"

"अठराशे," मावशी चटकन म्हणाल्या. "मागल्या दिवाळीला साहेबांनी तीनशे वाढवले." आणि त्यांनी मोठ्या कौतुकाने माझ्याकडे पाहिले. खोटे कशाला सांगू, मीही क्षणभर छाती पुढे काढली.

कारकुनाने गुणाकार केला. २१,६००. "बसत नाहीत."

महिन्याला साडेसतराशेपर्यंत निराधार, अठराशेला नाही. अनुदान वाढले, अट तशीच राहिली. पन्नास रुपयांनी मावशी श्रीमंत ठरल्या होत्या, आणि ते पन्नास रुपये माझ्या खिशातले होते!

कारकून वाईट माणूस नव्हता. आवाज उतरवून म्हणाला, "सर, सोळाशे लिहा. कोण बघायला येतंय?"

मी पेन उचलले आणि तसेच धरून बसलो. वर्गात सत्यावर बोलणे सोपे असते, हे तर झालेच. पण मजकुराखाली सही माझी नव्हती. अंगठा मावशींचा उठायचा होता. खोटे लिहून मी सुटणार, उद्या विचारणा झाली तर अडकणार त्या.

मावशींनीच तोड काढली. "खोटं नगं साहेब. पगारच कमी करा की शंभरानं. मग सतराशे खरंच हुतील."

मागे रांग खोळंबली होती. मी "बरं" म्हणालो.

घरी आल्यावर सौ. कितीतरी वेळ बोलली नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे सरकारनं द्यावेत म्हणून आपण कापले?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हापासून मावशी सतराशे घेतात, आणि सौ. महिन्याच्या सामानातून डाळ-साखरेची पुडी त्यांच्या पिशवीत घालते. अर्ज 'विचाराधीन' आहे. दीड हजार आले नाहीत, शंभर मात्र गेले.

परवा वसुबारसेला सौ.ने मावशींना लुगडे आणि फराळाचा डबा दिला. त्यांनी लुगड्याच्या पदरावरून हात फिरवला, घडी पुन्हा घातली आणि दारापर्यंत जाऊन मागे वळल्या.

"साहेब," त्या हळूच म्हणाल्या, "हे कागदावर तर येणार न्हाई न्हवं?"