शांततेचा ताळेबंद

सिडनी येथील 'इन्स्टिट्यूट फॉर इकॉनॉमिक्स अँड पीस' ही संस्था २००७ पासून दरवर्षी जागतिक शांतता निर्देशांक प्रसिद्ध करते. १६३ देशांना २३ निकषांवर गुण दिले जातात. गुण जितके कमी, तितकी शांतता अधिक. स्थायी सैन्य नसलेला आइसलँड २००८ पासून अग्रस्थानी आहे.

खून, तुरुंगवास व युद्धे यांबरोबर शस्त्रांची निर्यातही या निकषांत मोजली जाते. स्वतःच्या भूमीवर रक्त न सांडणाऱ्या देशाच्या खातीही विकलेल्या शस्त्रांचा दोष मांडला जातो. कृत, कारित आणि अनुमोदित हिंसेचा भेद जाणणाऱ्या श्रावकास हा हिशेब परका वाटू नये. शस्त्रांचा व्यापार त्यास वर्ज्यच आहे. परंतु आपले भांडवल समभागांच्या वाटेने कोणत्या कारखान्यात पोहोचते? दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी नफ्याबरोबर एवढेही तपासावे.