वर्णद्वेष ‘आला’ नाही, तो कायद्यात लिहिलेला होता : जेरी मासलो आणि इटली (थ्रेड)

१/
२४ ऑगस्ट १९८९ ची रात्र. दक्षिण इटलीतील कासेर्ता जिल्ह्यात, विला लितेर्नो गावाबाहेरच्या एका पडक्या खोपटात टोमॅटो तोडणारे आफ्रिकी मजूर झोपले होते. तोंडे झाकलेले चौघे आत शिरले आणि मजुरीचे पैसे मागू लागले. एकाने नकार दिला. त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याचे नाव जेरी मासलो, वय २९. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी राजवटीतून निसटून तो युरोपात आसरा शोधायला आला होता.

२/
या घटनेची एक सोयीची गोष्ट सांगितली जाते. इटालियन माणूस मुळात मनमिळाऊ. त्याच्या देशात परके अचानक वाढले, समाज गोंधळला. चार दरोडेखोरांनी एक खून केला. मग देशाचे डोळे उघडले आणि चांगला कायदा झाला. गोष्ट ऐकायला बरी वाटते, पण कागदपत्रांसमोर ती टिकत नाही. या थ्रेडचे काम एवढेच : ती का टिकत नाही, हे क्रमाने पाहणे.

३/
मासलो मूळचा उमटाटाचा. हे शहर ट्रान्सकेईची राजधानी. १९७६ मध्ये गोऱ्या सरकारने ट्रान्सकेईला ‘स्वतंत्र देश’ घोषित केले. जगात दुसऱ्या एकाही देशाने त्याला मान्यता दिली नाही. या ‘स्वातंत्र्या’चा खरा अर्थ असा, की कायद्याच्या एका फटक्याने लाखो कृष्णवर्णीयांचे दक्षिण आफ्रिकेचे नागरिकत्व गेले. माणसाला जागेवरून न हलवता परका ठरवता येते, हा धडा त्या शहराने आधीच गिरवला होता.

४/
मार्च १९८८ मध्ये मासलो रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरला आणि त्याने आश्रय मागितला. इटलीच्या १९४८ च्या राज्यघटनेचे कलम १० सांगते की ज्या परदेशी माणसाला स्वतःच्या देशात लोकशाही स्वातंत्र्ये उपभोगता येत नाहीत, त्याला इटलीत आश्रयाचा हक्क आहे. वर्णभेदाखाली जगणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाला हे कलम तंतोतंत लागू पडते. तरीही त्याला नकार मिळाला.

५/
नकाराचे कारण समजून घेण्यासारखे आहे. निर्वासितांविषयीचा जिनिव्हा करार १९५१ चा. त्यात सह्या करणाऱ्या देशांना एक मुभा होती : ‘युरोपातील घटनांमुळे’ निर्वासित झालेल्यांनाच मान्यता द्यायची, की ‘युरोपातील वा अन्यत्रच्या’ घटनांमुळे झालेल्यांनाही. इटलीने पहिला पर्याय निवडला. १९६७ च्या पूरक कराराने काळाची अट गेली; भूगोलाची अट इटलीने पुढेही जपली. घटनेतले उदार कलम मात्र अंमलबजावणीच्या कायद्याविना कागदावरच राहिले.

६/
म्हणजे छळ किती झाला, हा प्रश्नच नव्हता. छळ कोणत्या खंडात झाला, हा प्रश्न होता. पूर्व युरोपातून पळालेला माणूस निर्वासित. वर्णभेदातून पळालेला माणूस निर्वासित नाही. चिली आणि व्हिएतनामच्या काही लोकांसाठी अपवाद केले गेले, हे खरे. पण अपवाद ही सरकारची कृपा असते आणि कृपेवर दावा सांगता येत नाही. कायद्यात ‘काळा’ हा शब्द कुठेच नव्हता. त्याची गरजही नव्हती. नकाशाने ते काम चोख केले होते.

७/
संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाच्या मध्यस्थीमुळे मासलोला देशात शिरता आले. पण इटलीच्या लेखी तो निर्वासित नव्हता, त्यामुळे निर्वासिताला मिळणारे संरक्षणही त्याच्या वाट्याला आले नाही. रोममध्ये सांत एजिदिओ या कॅथलिक समुदायाने त्याला निवारा दिला. पुढे कॅनडाला जाण्याची त्याची खटपट चालू होती. तोवर पोटासाठी त्याने उन्हाळ्यात विला लितेर्नोची वाट धरली.

८/
तिथली व्यवस्था महाराष्ट्रातील वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. शेतमालक आणि मजूर यांच्यामध्ये एक माणूस असतो. तो पहाटे चौकातून मजूर उचलतो, शेतावर नेतो, भरलेल्या पेट्या मोजतो आणि आपला वाटा आधी कापून घेतो. इटलीत त्याला ‘कापोराले’ म्हणतात. ऊसतोडीच्या पट्ट्यात त्याला मुकादम म्हणतात. फरक इतकाच, की कापोरालेच्या हाती एक जास्तीचे हत्यार असते : मजुराकडे कागद नाहीत, हे त्याला ठाऊक असते.

९/
आता खोपटातील त्या रात्रीकडे पुन्हा पाहावे. कागद नसलेल्या मजुराला भाड्याने घर मिळत नाही, म्हणून तो पडक्या खोपटात झोपतो. मजुरी रोख मिळते आणि ती ठेवायला बँक नसते, म्हणून पैसे अंगावर असतात. लुटला गेला तरी तो पोलिसांकडे जायला कचरतो, कारण तिथे पहिला प्रश्न त्याच्या कागदांचा असतो. दरोडेखोरांना हे सारे माहीत होते. बंदूक त्यांची होती. सावज मात्र कायद्याने त्यांच्यासमोर आणून उभे केले होते.

१०/
इथे हटकून एक आक्षेप येतो : ‘ही तर लूट होती, यात वर्णद्वेष कुठे?’ या आक्षेपात वर्णद्वेषाची व्याख्याच गुपचूप आक्रसलेली असते. शिवी दिली, घोषणा दिली, तरच वर्णद्वेष. बाकी सारा योगायोग. पण एकाच वर्णाची माणसे पुन्हा पुन्हा त्याच खोपटात, त्याच अंधारात, त्याच बिनकागदी अवस्थेत सापडत असतील, तर त्याला योगायोग म्हणणे हा बुद्धीचा आळस आहे. आणि हा आळस फार सोयीचा असतो.

११/
शिवाय या प्रश्नाचे उत्तर खुद्द मासलोने देऊन ठेवले होते. मृत्यूपूर्वी इटलीच्या सरकारी दूरचित्रवाणीला दिलेल्या मुलाखतीत त्याने सांगितले की आपण इथे वेगळ्या जगण्याच्या आशेने आलो, पण या देशातही काळी कातडी माणसामाणसांतल्या व्यवहाराच्या आड येते. हे वर्णभेदाखाली वाढलेल्या माणसाचे निदान होते. वर्णद्वेष ओळखण्यात त्याच्याहून अधिक जाणकार त्या स्टुडिओत दुसरे कोण असणार होते?

१२/
दुसरा लाडका युक्तिवाद संख्येचा : ‘परके फार झाले, म्हणून द्वेष वाढला.’ इटलीच्या १९९१ च्या जनगणनेत परदेशी रहिवासी एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होते. शेकड्यात एकही नसलेल्या माणसांच्या ‘लोंढ्या’ने एखाद्या समाजाचा स्वभाव बदलत नसतो. ती नजर आधीपासून घडलेली असावी लागते. ती कुठे घडली, हे पाहण्यासाठी आफ्रिकेत जावे लागते.

१३/
१८९० मध्ये एरिट्रिया इटलीची वसाहत झाली. १८९६ मध्ये अडवाच्या रणांगणावर इथिओपियाने इटलीचा पराभव केला. १९११ मध्ये इटली लिबियात उतरली. ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनीने पुन्हा इथिओपियावर स्वारी केली आणि या वेळी विमानांतून मस्टर्ड वायू टाकला गेला. जिनिव्हा प्रोटोकॉलने तो निषिद्ध ठरवून दहा वर्षे झाली होती. फेब्रुवारी १९३७ मध्ये व्हाइसरॉय ग्रात्सिआनीवर हल्ला होताच अदिस अबाबात तीन दिवस कत्तल चालली. हजारो माणसे मारली गेली.

१४/
त्याच वर्षी, एप्रिल १९३७ मध्ये, आणखी एक हुकूम निघाला. आफ्रिकी प्रजेतील व्यक्तीशी पतिपत्नीसारखे संबंध ठेवणाऱ्या इटालियन नागरिकाला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास. १९३८ च्या ज्यूविरोधी वंशकायद्यांची चर्चा जगभर होते, आणि व्हायलाच हवी. पण रक्ताची सीमा कायद्याने आखण्याचा सराव त्याआधी आफ्रिकेत झाला होता. ज्या देशाने हे केले, त्याला पन्नास वर्षांनी वर्णद्वेष ‘नवखा’ कसा असेल?

१५/
नवखा होता तो वर्णद्वेष नव्हे, त्याविषयीचे विस्मरण ताजेतवाने होते. इथिओपियातील कृत्यांबद्दल ग्रात्सिआनीवर कधीही खटला चालला नाही. १९५० मध्ये त्याला १९ वर्षांची शिक्षा झाली ती नाझींशी सहकार्य केल्याबद्दल, आणि काही महिन्यांत तो सुटला. विषारी वायू वापरल्याची अधिकृत कबुली इटलीच्या सरकारने १९९६ मध्ये दिली. आणि २०१२ मध्ये आफिले या गावात याच ग्रात्सिआनीचे स्मारक उभे राहिले, तेही सार्वजनिक पैशातून.

१६/
मराठी वाचकासाठी एक दुवा. १९४१ मध्ये एरिट्रियातील केरनच्या लढाईत मुसोलिनीच्या फौजेसमोर उभ्या असलेल्या भारतीय सैन्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही होते. त्यांच्या शौर्याच्या पोस्ट अभिमानाने फिरतात, फिराव्यातही. पण ते जवान स्वतः एका साम्राज्याची प्रजा असून दुसऱ्या साम्राज्याशी लढत होते, आणि ज्या भूमीवर लढले तिथल्या माणसांना कायद्याने हीन ठरवलेले होते. ही बाजू वगळून सांगितलेला पराक्रम अर्धाच राहतो.

१७/
आता प्रतिकाराकडे. मासलोला शासकीय इतमामात निरोप दिला गेला. उपपंतप्रधान मार्तेल्ली उपस्थित होते आणि दूरचित्रवाणीने तो सोहळा देशभर दाखवला. जिवंतपणी ज्याला राज्याने निर्वासित म्हणायला नकार दिला, त्याला मेल्यावर राज्याचा सन्मान मिळाला! लोकप्रिय कथन इथे डोळे पुसते आणि थेट नव्या कायद्यावर उडी घेते. मधले काही आठवडे गाळले जातात. नेमके तेच महत्त्वाचे आहेत.

१८/
सप्टेंबर १९८९ मध्ये विला लितेर्नोच्या परिसरात आफ्रिकी शेतमजुरांनी कापोरालेंच्या पिळवणुकीविरुद्ध संप केला. ज्यांच्याकडे कागद नव्हते, मताधिकार नव्हता, एक दिवस खाडा झाला तर उद्याच्या कामाची खात्री नव्हती, त्या माणसांनी काम थांबवले. ७ ऑक्टोबरला रोममध्ये वर्णद्वेषाविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. त्या वेळच्या अंदाजानुसार सुमारे दोन लाख लोक रस्त्यावर उतरले. कामगार संघटना, चर्चशी निगडित गट, विद्यार्थी आणि स्थलांतरित एकत्र चालले.

१९/
डिसेंबर १९८९ च्या अखेरीस सरकारने अध्यादेश काढला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये त्याचा कायदा झाला. तो मार्तेल्लींच्या नावाने ओळखला जातो. त्याने निर्वासितांवरची भौगोलिक अट रद्द केली. मंत्र्याच्या नावाने कायदा ओळखला जावा, ही जगाची रीत आहे. पण मंत्र्याच्या मनात एकाएकी करुणा जागी झाली म्हणून कायदे बदलतात, असे समजणे हा इतिहास नव्हे, ते कीर्तन झाले.

२०/
हा एकदाच घडलेला चमत्कार होता का? नाही. २०११ च्या उन्हाळ्यात पुल्या प्रांतातील नार्दो येथे आफ्रिकी शेतमजुरांनी पुन्हा संप केला. त्याच्या अग्रभागी कॅमेरूनमधून आलेला, तोरिनोत अभियांत्रिकी शिकणारा इव्हान सान्ये हा विद्यार्थी होता; सुट्टीत पैसे कमवायला तो शेतावर गेला होता. त्याच ऑगस्टमध्ये कापोराले-प्रथा इटलीच्या दंडसंहितेत स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंदली गेली. २०१६ च्या कायद्याने मालकालाही त्या गुन्ह्याच्या कक्षेत आणले. क्रम लक्षात घ्यावा : आधी संप, मग कलम.

२१/
कायद्याने सारे संपले, असेही नाही. १८ सप्टेंबर २००८ रोजी, विला लितेर्नोच्या शेजारच्या कास्तेल व्होल्तुर्नोत, कामोर्रा टोळीने एका शिंप्याच्या दुकानासमोर सहा आफ्रिकी पुरुषांना गोळ्या घालून मारले. पहिली कुजबुज ठरलेलीच : अमली पदार्थांचा धंदा असणार. मृतांचा गुन्हेगारीशी संबंध नव्हता. दुसऱ्याच दिवशी तिथले आफ्रिकी रहिवासी संतापून रस्त्यावर उतरले. मेल्याचे सोंग घेऊन वाचलेल्या एका जखमीने साक्ष दिली. न्यायालयाने जन्मठेपा ठोठावताना वंशद्वेषाचा हेतू मान्य केला.

२२/
त्याच नोव्हेंबरात कास्तेल व्होल्तुर्नोत एक मैफल झाली : कामोर्राविरुद्ध आणि त्या सहा जणांच्या स्मरणार्थ. गायिका होती मिरियम माकेबा. जिचा पासपोर्ट वर्णभेदी सरकारने १९६० मध्ये रद्द केला, जिने १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांसमोर त्या राजवटीविरुद्ध साक्ष दिली. मैफल संपताच ती कोसळली आणि त्याच रात्री तिचे निधन झाले. वय ७६. वर्णभेदाने हद्दपार केलेल्या दोन दक्षिण आफ्रिकी माणसांचा अंत असा इटलीच्या एकाच जिल्ह्यात झाला, एकोणीस वर्षांच्या अंतराने.

२३/
२०१० मध्ये कालाब्रियातील रोझार्नोत संत्री तोडणाऱ्या आफ्रिकी मजुरांवर छर्ऱ्याच्या बंदुकीने नेम धरले गेले. मजूर उसळले, आणि अखेर गावातून बाहेर काढले गेले ते मजूरच. जून २०१८ मध्ये त्याच पट्ट्यात मालीहून आलेला कामगार संघटनेचा कार्यकर्ता सुमाइला साको मारला गेला. बंद पडलेल्या कारखान्यातून तो झोपडीसाठी पत्रे गोळा करत होता. मासलोच्या खोपटापासून साकोच्या पत्र्यापर्यंत २९ वर्षे गेली आणि निवाऱ्याचा प्रश्न तिथेच राहिला.

२४/
म्हणून मासलोला केवळ हुतात्मा म्हणणे पुरेसे नाही. ते थोडे अन्यायाचेही आहे. हुतात्मा बोलत नाही, त्याच्या वतीने इतर बोलतात. मासलो बोलला होता. त्याच्या सोबत्यांनी काम थांबवले होते. आफ्रिकी स्थलांतरितांचा युरोपातील इतिहास त्यांच्या जखमांची यादी म्हणून लिहिला की वाचकाला दया येते. त्यांच्या संपांचा इतिहास म्हणून लिहिला की वाचकाला हिशेब द्यावा लागतो. म्हणूनच पहिली मांडणी अधिक लोकप्रिय आहे.

२५/
पुढच्या वेळी कुठल्याही देशाबद्दल ‘इथे वर्णद्वेष नव्हता, परके आल्यावर सुरू झाला’ असे वाक्य समोर आले, तर तीन प्रश्न विचारावेत. त्या देशाच्या वसाहतीत कोणते हुकूम निघाले होते? त्याच्या आश्रयाच्या कायद्यात नकाशा कुठे दुमडला होता? आणि बदल झाला तेव्हा त्याआधी काम कोणी थांबवले होते? उत्तरे बहुधा राजपत्रांतच सापडतात. वाक्य सांगणाऱ्याने ती उघडलेली नसतात, इतकेच.

#इतिहास #वर्णद्वेष #थ्रेड