‘गाडी जुनी झाली’ हे निदान नव्हे

लखनौला बदली होऊन आलो त्या वर्षी एक जुनी जिप्सी घेतली. पेट्रोल, लीफ स्प्रिंग, कडक बसणारी. ज्यानं फौजेत जिप्सीच्या मागच्या बाकावर बसून पाठीचे मणके मोजलेत, त्यालाच या गाडीचं प्रेम कळतं. बायकोला अजून कळलेलं नाही.

छावणीत गाडी छान चालायची. सदर बाजार, दिलकुशा, ४० च्या वर काटा जायचाच नाही. पण शहीद पथावर चढलो आणि काटा ६० ओलांडू लागला की सीटखालून थरथर सुरू व्हायची. ६५ ला सगळ्यात जास्त. मधला आरसा इतका हलायचा की मागचा ट्रक आहे की बस, कळेना.

गॅरेजवाल्यानं चाकं बॅलन्स केली. फरक नाही. परत केली. मग पुढचे दोन टायर बदलायला लावले. मग शॉकॲब्सॉर्बर. चांगले पैसे गेल्यावर मान हलवून म्हणाला, “साहब, गाड़ी पुरानी हो गई है. निकाल दीजिए.” मीही जवळजवळ मान्य केलं होतं. पुढची सुट्टी गाडीनं गावी जायचं ठरलं होतं. मुलांना घेऊन हजाराच्या वर किलोमीटर अशा गाडीत न्यायचे नाहीत, एवढं मला समजत होतं.

तेवढ्यात मुलीकडे राहायला आलेले एक सुभेदार साहेब भेटले. मूळचे कराडकडचे, ईएमईतून निवृत्त, आयुष्य गाड्यांखाली गेलेलं. त्यांनी पाना मागितला नाही, वही मागितली. “गाडी चालव आणि मी विचारतो त्याचं उत्तर लिही,” म्हणाले.

पहिला प्रश्न : थरथर इंजिनाच्या वेगावर आहे की गाडीच्या? ६५ वर चौथ्या गिअरमध्ये पाहिलं, पाचव्यात पाहिलं. तेवढीच. मोकळा रस्ता बघून ६५ वर न्यूट्रल केली, तरी तेवढीच. म्हणजे इंजिन, क्लच सुटले. दोष गाडीसोबत फिरणाऱ्या भागात.

दुसरा प्रश्न : हलतं काय, स्टिअरिंग की सीट? सीट. चाकाचा दोष बहुधा पुढे असला तर हातात येतो.

तिसरा प्रश्न : कंप जाड की बारीक? हे मला कळलं नाही, म्हणून त्यांनी हिशोब मांडला. जिप्सीच्या टायरचा घेर साधारण २.१ मीटर. ६५ च्या वेगाला चाक सेकंदाला साडेआठ-नऊ वेळा फिरतं. तो धक्का मोजता येईल असा जाड असतो. प्रॉपेलर शाफ्ट मात्र चाकाच्या सुमारे चारपट फिरतो, म्हणजे सेकंदाला ३४-३५ वेळा. त्याचा कंप मोजता येत नाही, नुसता गुणगुणतो. आमची गाडी गुणगुणत होती. चाकं बॅलन्स करून, टायर बदलून तो आवाज जाणारच नव्हता.

चौथा प्रश्न : मागे चार माणसं बसवली तर? बसवली. आवाज बदलला. वजनानं मागचा एक्सल आणि शाफ्ट यांचा कोन बदलतो. संशय आता मागच्या शाफ्टवर आला.

मग जिप्सीच देऊ शकते अशी परीक्षा घेतली. चाकांना दगड लावले, कारण शाफ्ट काढला की गिअर मागच्या चाकांना धरत नाही. मागचा शाफ्ट उतरवला, पुढचे हब लॉक केले, फोर व्हील टाकलं. गाडी फक्त पुढच्या चाकांवर ६५ ला पळवली. आरसा शांत!

शाफ्ट बाकावर ठेवला. क्रॉसमध्ये ढिलाई नाही, नळी वाकलेली नाही. पण दोन टोकांचे दोन योक एका रेषेत नव्हते. क्रॉसचा जॉइंट कोनात फिरताना प्रत्येक फेरीत दोनदा वेग कमी-जास्त करतो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट तोच फरक उलट करून भरून काढतो, मात्र दोन्ही योक एका रेषेत असले तरच. मधे सरकणारा दातेरी भाग असतो. कधीतरी ग्रीस भरायला कुणीतरी तो ओढून काढला होता आणि खूण न करता, बसेल तसा बसवला होता. साहेबांनी दाते जुळवून शाफ्ट परत चढवला. खर्च : थोडं ग्रीस आणि दोन कप चहा.

म्हणजे गाडी म्हातारी झाली नव्हती. तिचा दोष दुरुस्तीतूनच आला होता, आणि पुढच्या प्रत्येक दुरुस्तीनं तो झाकला जात होता.

माझं म्हणणं एवढंच आहे. ‘जुनी झाली’ हे निदान नाही, ते निदान न करण्याचं कारण आहे. १ एप्रिल २०२२ ला १५ वर्षांवरच्या खासगी कारच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर गेलं. धूर ओकणारी, गंजलेली गाडी रस्त्यावरून जावीच, त्याबद्दल माझा वाद नाही. पण ती तपासून जावी, नुसती तारीख पाहून नको. आणि उलट बाजूही तितकीच खरी : थरथर येते तशी चालवू नका. क्रॉस खरंच तुटला आणि शाफ्टचं पुढचं टोक धावत्या गाडीत रस्त्यावर पडलं, तर गाडी उलटूही शकते. माझं नशीब की दोष एवढाच निघाला.

एमटीमध्ये आपण फर्स्ट परेड, हॉल्ट परेड, लास्ट परेड करतो. वर्दी उतरली की ती सवयही उतरते. माजी सैनिक बंधूंना विनंती, ती ठेवा. गॅरेजला जाण्याआधी कागदावर लिहा : कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, न्यूट्रलला काय, वजन असताना काय, आधी काय काम झालं होतं. शाफ्ट उतरवण्याआधी खडूनं खूण करायला सांगा, समोर उभे राहून.

सुट्टीला आम्ही जिप्सीनंच गेलो. पोहोचल्यावर साहेबांना फोन केला. म्हणाले, “आता माझ्या गुडघ्याचं बघ. डॉक्टर म्हणतात, वय झालं.”

मी विचारलं, “साहेब, जिना चढताना दुखतो की उतरताना?”

फोनवर बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, “उतरताना. लिहून घे.”