जुगार राज्यांचा, वाटा सर्वांचा

संसदेच्या २०२५ च्या पावसाळी अधिवेशनाचे अखेरचे दोन दिवस बिहारमधील मतदारयाद्यांच्या पुनरीक्षणावरून झालेल्या गदारोळात गेले. त्याच गदारोळात २० ऑगस्टला लोकसभेने आणि २१ ऑगस्टला राज्यसभेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारे विधेयक आवाजी मतदानाने संमत केले. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींची त्यावर स्वाक्षरी झाली. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, इतकी कठोर तरतूद असलेल्या कायद्यावर गंभीर चर्चा झालीच नाही. त्यामुळे एक साधा प्रश्नही अनुत्तरित राहिला. भ्रमणध्वनीवरचा जुगार समाजाला घातक असेल, तर पणजीत मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या जहाजांवरचा जुगार कोणत्या न्यायाने निरुपद्रवी ठरतो?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी कॅसिनोचे गणित समजून घेणे इष्ट ठरेल. दिल्लीहून रजा प्रवास सवलतीवर गोव्यास जाणारी कुटुंबे एखादी संध्याकाळ या जहाजांवर ‘गंमत म्हणून’ घालवितात. ही गंमत नेमकी कितीला पडते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

रुलेटच्या युरोपीय चाकावर शून्य ते छत्तीस असे ३७ आकडे असतात. एका आकड्यावर लावलेला पैसा लागला, तर पस्तीसपट रक्कम मिळते आणि मूळ रक्कम परत येते. हिशेब चोख असता, तर छत्तीसपट मिळावयास हवी होती. हा एका पटीचा फरक हेच कॅसिनोचे उत्पन्न. लाल-काळ्यावर पैसा लावला तरी निष्कर्ष तोच. लाल अठरा, काळे अठरा आणि उरलेले शून्य मालकाचे. लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे मालकाकडे जातात. अमेरिकी चाकावर शून्ये दोन असल्याने हा वाटा सव्वापाच रुपयांच्या वर जातो. मुंबईकरांच्या परिचयाच्या मटक्यात दहा आकड्यांपैकी एक लागला की रुपयाला नऊ रुपये मिळत. तेथे मालकाचा वाटा दहा टक्क्यांचा. प्रमाण निराळे, तत्त्व एकच.

दोन रुपये सत्तर पैसे ही रक्कम क्षुल्लक भासते. तथापि ती खिशातील रकमेवर नव्हे, तर एकूण लावलेल्या रकमेवर मोजावयाची असते. शंभर रुपयांचा डाव दोनशे वेळा खेळणाऱ्याने वीस हजार रुपये लावलेले असतात आणि त्याचा सरासरी तोटा ५४० रुपये होतो. तो जितका वेळ बसेल तितका हा आकडा वाढत जातो. म्हणूनच रोख रकमेऐवजी रंगीत चकत्या दिल्या जातात. चकती हातातून सुटताना नोट सुटल्यासारखे वाटत नाही.

हरल्यावर रक्कम दुप्पट करीत जावे म्हणजे नुकसान भरून निघते, हा नवशिक्यांचा आवडता समज. शंभरापासून आरंभ करून लागोपाठ सहा डाव हरले की ६,३०० रुपये गेलेले असतात आणि सातव्या डावाला ६,४०० रुपये लावावे लागतात. तो जिंकला तरी पदरी निव्वळ लाभ शंभर रुपयांचाच पडतो. लाल-काळ्यावर असे सहा पराभव लागोपाठ येण्याची शक्यता साधारण ५५ प्रयत्नांत एकदा असते. शिवाय प्रत्येक टेबलावर कमाल डावाची मर्यादा असतेच. मागील दहा वेळा लाल आले म्हणून आता काळे येईल, या तर्कालाही आधार नाही. चाकाला स्मरणशक्ती नसते.

हे गणित इतके उघड असताना आपल्या कायद्याने मात्र दुसऱ्याच मुद्द्यावर शक्ती वेचली. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाकारले; पुढे १९६८ मध्ये रमी आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यती कौशल्याच्या सदरात गेल्या. कौशल्य की नशीब, हा वाद न्यायालयांत दीर्घकाळ चालला. खेळणाऱ्याला त्याच्या तोट्याचे प्रमाण सांगितले जाते काय, हा प्रश्न त्यात मागेच राहिला.

‘पैजा व जुगार’ हा विषय राज्यसूचीत, ३४ व्या क्रमांकावर आहे. संविधान सभेत सप्टेंबर १९४९ मध्ये काही सदस्यांनी ही नोंदच वगळण्याचा आग्रह धरला होता. नोंद वगळल्याने जुगार थांबणार नाही, उलट तो विषय आपोआप केंद्राकडे जाईल. नोंद असल्यामुळेच राज्यांना जुगारावर बंदी घालता येईल, असे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिले होते. तो अधिकार राज्यांनी कसा वापरला, याची दोन उदाहरणे योगायोगाने एकाच वर्षाची आहेत. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा केला, परंतु तो कधीच अंमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. गोवा, दमण व दीव या तत्कालीन केंद्रशासित प्रदेशाने त्याच १९७६ मध्ये जुगारबंदीचा कायदा केला. १९९२ च्या दुरुस्तीने त्यात पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील टेबलांना वाट करून देण्यात आली. ज्या राज्याने अनुमती दिली तेथे कॅसिनो उभा राहिला नाही. ज्याने बंदी घातली ते देशाची कॅसिनो-राजधानी झाले. विरोधात असताना मांडवी मोकळी करण्याची घोषणा आणि सत्तेत आल्यावर मुदतवाढ, हा क्रम गोव्यात पक्षनिरपेक्ष राहिला. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेश नाही, असे राज्य सरकारने जाहीर केले. स्वतःच्या नागरिकांसाठी जे अहितकारक, ते पाहुण्यांसाठी चालते, असाच याचा अर्थ.

आता कराचा मुद्दा. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने जुगारावरील कराचा राज्यांचा स्वतंत्र अधिकार संपला आणि तो विषय वस्तू व सेवा करात गेला. १ ऑक्टोबर २०२३ पासून चकत्यांच्या खरेदीच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के कर लागू झाला. जिंकलेल्या रकमेतून पुन्हा खेळल्यास तो पुन्हा लागत नाही. शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आहेच आणि त्यातून हरलेली रक्कम वजा करता येत नाही. चाक फिरण्यापूर्वीच सरकारचा वाटा निश्चित झालेला असतो. शंभर रुपयांच्या चकत्यांवर चाळीस रुपये कर आणि त्या चकत्या एकदा लावल्यास मालकाचा सरासरी वाटा पावणेतीन रुपये! टेबलावरचा सर्वांत मोठा भागीदार कोण, हे निराळे सांगावयास नको.

जबर कराने जुगार महाग होईल आणि लोक परावृत्त होतील, असे समर्थन केले जाते. त्यात तथ्य असू शकेल. परंतु ज्याला आपण देत असलेल्या किमतीची कल्पनाच नाही, तो महागाईने परावृत्त कसा होणार? आणि ज्या सरकारचा महसूल चकत्यांच्या खपावर वाढतो, त्याने खप घटविण्याची उत्सुकता दाखवावी, ही अपेक्षाही भाबडी ठरते.

बंदीचा आग्रह धरणाऱ्यांना आणि पर्यटनाचे गोडवे गाणाऱ्यांना सामायिक वाटावी अशी एक किमान मागणी येथे शक्य आहे. प्रत्येक टेबलावर आणि प्रत्येक यंत्रावर मालकाचा सरासरी वाटा ठळक अक्षरांत लिहिणे कायद्याने सक्तीचे करावे. कॅसिनोंपासून मिळालेल्या कराचा स्वतंत्र हिशेब दरवर्षी संसदेपुढे आणि विधानसभेपुढे ठेवावा. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापणाऱ्या देशाला हे अवघड नाही. केंद्रीय कर्मचाऱ्याने सवयीचे कर्ज टाळावे, अशी तरतूद १९६४ च्या वर्तणूक नियमांतच आहे. कर्मचाऱ्याकडून ही शिस्त अपेक्षिणाऱ्या सरकारने त्याला निदान हिशेब तरी दाखवावा.

जुगार हा राज्यांचा विषय आहे, असे सांगून केंद्राला आजवर हात झटकता येत असत. चाळीस टक्क्यांत भागीदार झाल्यावर आणि ऑनलाइन खेळांवर स्वतः कायदा केल्यावर ती सोय उरलेली नाही. उत्पन्न सर्वांचे आणि जबाबदारी कोणाचीच नाही, ही व्यवस्था फार काळ टिकू देणे संसदेला शोभणारे नाही.