भरदुपारची हवा आणि आपले निदान

ओझोन म्हटले की आकाशातील संरक्षक छत्रच डोळ्यांसमोर येते. शालेय पुस्तकांनी ही ओळख इतकी दृढ केली आहे, की हाच वायू जमिनीलगत साठला तर प्राणवह स्रोतसाचा वैरी ठरतो, हे वैद्यवर्गाच्याही सहसा ध्यानी येत नाही.

हा ओझोन कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहने व कोळसा यांच्या ज्वलनातून नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात. पेट्रोल, रंग आणि जळता पालापाचोळा यांतून सहज उडून जाणारी सेंद्रिय द्रव्ये निघतात. या दोहोंवर प्रखर ऊन पडले की हवेतच ओझोन तयार होतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचे हे कोडे १९५० च्या दशकाच्या आरंभी हागेन-स्मिट यांनी उलगडले. (हे रसायनतज्ज्ञ त्यापूर्वी अननसाच्या सुगंधाचा अभ्यास करीत होते!)

यवतमाळ जिल्ह्यात यांपैकी कशाची उणीव आहे? वणी परिसरात कोळशाच्या खाणी व त्यांची अवजड वाहतूक, शेजारी चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र, उन्हाळ्याच्या तोंडावर शेतोशेती पेटणारी पऱ्हाटी, मोहफुले वेचण्यासाठी झाडाखाली लावलेली आग आणि वर विदर्भाचे ऊन. खेड्यातील हवा शुद्धच असते, हा समजही येथे टिकत नाही. शहरातील वाहनांच्या ताज्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड काही ओझोन खाऊन टाकते. वाऱ्याच्या दिशेने दूर असलेल्या गावी त्याचे प्रमाण शहराहून अधिक असू शकते.

हा वायू पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे नाकाघशात न अडता फुप्फुसात खोलवर जातो. तोंडाला बांधलेला रुमाल त्यास रोखत नाही. कोरडा खोकला, दीर्घ श्वास घेताना उरात वेदना, तमकश्वासाचा वेग वाढणे ही त्याची लक्षणे. श्रमाने श्वास खोल व जलद होतो, म्हणून उन्हात राबणारा मजूर सर्वाधिक भरडला जातो. २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार ८ तासांची मर्यादा दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे.

प्रत्येक नवा शोध आपल्या संहितांत आधीच होता, असे म्हणण्याची आपल्याकडे खोड आहे. आम्ही तसे म्हणत नाही. चरकाचार्यांना ओझोन ठाऊक नव्हता. परंतु विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, उदक, देश व काल बिघडले असता भिन्न प्रकृतीची माणसे एकाच वेळी आजारी पडतात, हा विचार स्पष्ट आहे. भूमी विरस होण्यापूर्वी औषधी काढून ठेवा, असेही आत्रेय तेथेच सांगतात. औषधी दुकानदारांनी व निर्मात्यांनी हे वाचावेच. ओझोन पर्णरंध्रांतून शिरून वनस्पतीचे अन्ननिर्माण मंदावतो; सोयाबीन व गहू यांना त्याची झळ विशेष लागते. मग आपण जी पाने-मुळे खरेदी करतो, ती कोणत्या हवेत वाढली, हे कोणी विचारतो काय? आणखी एक: हवा शुद्ध करण्याच्या नावाखाली ओझोन सोडणारी यंत्रे बाजारात येतात. ती दुकानात ठेवू नयेत.

२०१७ च्या खरिपात कीटकनाशकाच्या फवारणीने आपल्या जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. “फवारणी केली होती का?” हा प्रश्न तेव्हापासून रुग्णपत्रिकेत आला. तसाच आणखी एक प्रश्न मार्च ते जून या काळात यावा: “त्रास कोणत्या प्रहरी वाढतो, आणि त्या वेळी आपण कुठे असता?” दुपारनंतर वाढणारा व सूर्यास्तानंतर उतरणारा त्रास नोंदवला, तर निदानपरिवर्जनाला आधार मिळेल. तेवढ्यावरून ओझोनच कारण, असे मात्र ठरवू नये. धूळ, धूर व ऊन हेही तपासावे. दम्याच्या रुग्णाचे श्वासातून घ्यावयाचे औषध आपल्या चूर्ण-अवलेहाच्या भरवशावर बंद करू नये.

ग्रीष्मात श्रम वर्ज्य करून दुपारी शीत गृहात विश्रांती घ्यावी, हे ऋतुचर्येत आहेच. पोट हातावर असणाऱ्यास ते कसे जमावे? त्याची कामाची वेळ मालक ठरवतो. म्हणून रोजगार हमी, वीटभट्टी व रस्त्यांची कामे सकाळी ११ पूर्वी आटोपावीत, आणि उन्हाळ्यात तालुक्यांच्या ठिकाणीही ओझोन मोजला जावा, अशी लेखी मागणी आपल्या शाखेने जिल्हाधिकारी व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करावी. निवेदनास सभासदांच्या रुग्णनोंदी जोडता आल्या, तर ते टाळणे कठीण जाईल.