उचललेलें ओझें

ओझें उचलणाऱ्याचें कौतुक सर्वच करितात. परंतु उचललेलें ओझें रात्रभर न खचतां धरून ठेवणाऱ्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. संसारांत हें जितकें खरें, तितकेंच यंत्रांतहि खरें आहे, याचा प्रत्यय गेल्या वैशाखांत आमच्या पडेगांवच्या घरीं आला. तो वाचकांस सांगावा, म्हणून आजचा हा लेख.

पडेगांव ही छत्रपती संभाजीनगराहून दौलताबादेकडे जाणाऱ्या वाटेवरची वस्ती. येथें होडीचें यंत्र दुरुस्तीस यावें, याचें कोणासहि नवल वाटेल. परंतु समुद्र दूर असला तरी गोदावरी दूर नाहीं. १९७६ सालीं जायकवाडीचें धरण पुरें झालें, तेव्हांपासून पैठणजवळ नाथसागर पसरला आहे. २००६ सालच्या ऑगस्टांत त्या धरणांतून मोठा विसर्ग करावा लागला व पैठण गांवांत पाणी शिरलें, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. अशा वेळीं होडी लागते, आणि होडीला यंत्र लागतें. पुरांत सांपडलेल्या लोकांना मदत करणाऱ्या कांहीं तरुणांनीं आपल्या होडीची मोटर माझ्या पुतण्याच्या कारखानवजा पडवींत आणून ठेविली. तक्रार एवढीच कीं, ती वर उचलली जाते, पण वर राहत नाहीं. घटका-दोन घटकांत आपोआप खालीं येते.

ही मोटर होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकविलेली असते. म्हणून तिला ‘आऊटबोर्ड’ म्हणतात. लहान मोटर माणूस हातानें उचलतो. दोन-अडीच मणांच्या मोटरीस मात्र तेलाच्या दाबावर चालणारी जोडणी लागते. होडी धांवत असतां मोटरीचा कल थोडासा बदलावयाचा, त्यास ‘ट्रिम’ म्हणतात. उथळ पाण्यांत किंवा रस्त्यानें नेतांना ती पुरी वर घ्यावयाची, तो ‘टिल्ट’.

“खालीं आली तर पुन्हा उचलावी. त्यांत एवढें काय?” दादांनीं, म्हणजे माझ्या वडील बंधूंनीं, विचारिलें.

“बाबा, पुराच्या पाण्याखालीं शेताचें तारेचें कुंपण असतें,” पुतण्या म्हणाला. “पंख्यांत दोर गुंतला, म्हणजे एखादा पोरगा मोटर वर घेऊन तिच्याखालीं हात घालतो. त्याच वेळीं ती खचली तर?”

दादा क्षणभर गप्प झाले. मग, “तसें असेल तर सबंध जोडणीच नवी घ्यावी,” असा त्यांनीं निकाल दिला. परंतु नवीची किंमत त्या तरुणांच्या आटोक्याबाहेरची होती, आणि मृग जवळ आला होता. अखेरीस जुनीच खोलावी असें ठरलें.

तिची रचना समजण्यास फार पांडित्य नको. बारा व्होल्टच्या बॅटरीवर फिरणारी एक लहानशी विजेची मोटर दांत्यांचा पंप फिरविते. पंप तेलास सिलिंडरांत ढकलतो. तेल दट्ट्यास लोटतें आणि दट्ट्याचा दांडा मोटर उचलतो. विजेची मोटर उलट फिरली, कीं तेल दट्ट्याच्या दुसऱ्या बाजूस जाऊन मोटर खालीं येते. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा सतराव्या शतकांतील फ्रेंच पंडित पास्कल याचा नियम येथें राबतो. आपल्या गांवच्या पाणचक्कीच्या मनोऱ्यांत पाणी चढतें, तेंहि डोंगरावरून बंद नळांतून आलेल्या पाण्याच्या दाबानेंच. नळ फुटका असता, तर तें पाणी मनोऱ्यापर्यंत चढलेंच नसतें. दाबाच्या प्रत्येक यंत्राचें मर्म या गळतींतच आहे.

इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं पाण्याच्या दाबाच्या यंत्राचें पेटंट घेतलें, तेव्हां त्यासहि हीच अडचण आली होती. दांड्याच्या कडेनें पाणी निसटे. त्यावर वाटीच्या आकाराचें चामडें बसविण्यांत आलें. दाब वाढेल तसतसें तें चामडें अधिकच घट्ट बसे. आज त्याच कामासाठीं खांचेंत बसणारी रबराची गोल कडी वापरतात. तिला ‘ओ-रिंग’ म्हणतात. तिचें पेटंट नील्स क्रिस्टेन्सेन या डेन्मार्कांत जन्मलेल्या अमेरिकन यंत्रज्ञास १९३९ सालीं मिळालें. अडीच मणांचें ओझें अधांतरीं राहतें, तें अशा चार-दोन कड्यांच्या आणि दोन-तीन झडपांच्या भरंवशावर!

काम सुरू करण्यापूर्वीं पुतण्यानें मोटर वर घेऊन तिची लोखंडी अटक लाविली, शिवाय खालीं लाकडाचा ठोकळा दिला, बॅटरीच्या तारा सोडल्या, आणि मगच हातानें उघडावयाची झडप फिरवून कोंडलेला दाब मोकळा केला. जोडणी काढून तेल ओतलें, तों तें दुधासारखें पांढरट! म्हणजे दांड्याच्या तोंडाची कडी झिजून आंत पाणी गेलें होतें. सिलिंडरचें झांकण दोन खुंट्यांच्या पान्यानें सोडविलें. दट्ट्यामध्यें बारीक गोळ्या व स्प्रिंगा असतात. पाण्याखालीं ओंडका आदळला, तर त्या झडपा उघडून मोटरीस वर उसळूं देतात, म्हणजे कांहीं मोडत नाहीं. त्या गोळ्या कोणत्या क्रमानें निघाल्या, तें सूनबाईनें वहींत आकृति काढून टिपून ठेविलें. सर्व रबरी कड्या नव्या घातल्या, ताज्या तेलाचें बोट लावून बसविल्या. तेल यंत्रकारानें सांगितलेलेंच घातलें. ब्रेकचें तेल ‘तेंहि तेलच’ म्हणून चालत नाहीं. त्यानें या कड्या फुगून निकामी होतात. मग मोटर अनेकदां वर-खालीं करून आंतली हवा घालविली, आणि ती पुरी वर असतांना तेलाची पातळी पाहून पुन्हा भर घातली.

संध्याकाळीं मोटर झर्रकन् वर गेली. सर्वांस आनंद झाला. पण पुतण्यानें अटक न लावतां, केवळ पडवीचें दार बंद करून, खडूची एक खूण केली व म्हणाला, “काका, परीक्षा सकाळीं.” सकाळीं पाहतों, तों मोटर खुणेच्या चार बोटें खालीं!

पुन्हा सर्व खोललें. कड्या निर्दोष होत्या. शेवटीं एका झडपेच्या बैठकींत, गोळीखालीं, पांढरा सुताचा धागा सांपडला. केंसाएवढा. तो माझ्या जुन्या धोतराचा होता. पुसावयास फडकें मींच मोठ्या उत्साहानें दिलें होतें. तेवढ्या फटींतून तेल रात्रभर झिरपत राहिलें. वहिनी दारांतूनच म्हणाल्या, “भावजी, माझ्या लोणच्याच्या बरणीला मी कोणाचा ओला हात लागूं देत नाहीं. तुमच्या यंत्राला तेवढीहि निगा नको का?” मजजवळ उत्तर नव्हतें. या वेळीं सूत न सुटणारें कापड घेतलें, प्रत्येक भाग धुऊन झांकून ठेविला, आणि मला दूरच्या खुर्चीवर बसविण्यांत आलें. दुसऱ्या सकाळीं खडूची खूण जेथल्या तेथें होती, आणि मोटरहि.

आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं होडी नसेल. परंतु चारचाकी गाडी असेल, आणि ती उचलण्याचा तेलाचा जॅकहि असेल. तोहि याच जातीचा आहे. त्यानें गाडी उचलली, म्हणून ती धरून ठेवील असें समजूं नये. आंत कोणाचा धागा अडकला आहे, तें बाहेरून दिसत नाहीं. खालीं भक्कम आधार दिल्यावांचून, कितीहि घाई असो, त्या ओझ्याखालीं हात घालूं नये आणि मुलांनाहि घालूं देऊं नये. आमच्या पडवींत तो लाकडी ठोकळा आतां खुंटीवर टांगला आहे. पुतण्याकडे शिकावयास येणाऱ्या पोरांना पाना हातीं मिळण्यापूर्वीं तो दाखविला जातो.