खेळाडूंचा भाव आणि आपला काटा

स्मरणिकेच्या संपादक-मंडळाने मजकडे लेख मागितला, तेव्हा धान्यबाजाराविषयीच मी चार शब्द लिहावेत अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु मध्यंतरी हल्याळच्या बाजाराहून नंदिगड्ड्यास परतत असता आपल्याच दोन व्यापारी बंधूंचे संभाषण कानी पडले आणि माझा विषय बदलला. "चेंडू-फळीच्या खेळाला सत्तावीस कोटी! हा कुठला न्याय?" असा त्यांचा सूर होता. गंमत अशी की, त्यांतील एका गृहस्थांनी तासाभरापूर्वीच, "तूर अजून काढली नाही, थोडा भाव निघू दे," असे मला मोठ्या समाधानाने सांगितले होते.

ते सत्तावीस कोटी म्हणजे २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दा येथे झालेल्या आयपीएलच्या लिलावात रिषभ पंत यांना मिळालेली बोली होय. बोलीचा आरंभ दोन कोटींपासून झाला. आपण सारे लिलावात उभे राहणारे लोक आहोत. मालाची रास एक, घेणारे दोन, आणि दोघांनाही ती हवीच असेल, तर भाव कोठवर चढतो हे आपणांस कोणी शिकवावयास नको. तो भाव म्हणजे मालाच्या योग्यतेचा दाखला नव्हे. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी हलकी ज्वारीही चांगल्या दराने जाते. म्हणून ती ज्वारी काही अधिक पौष्टिक होत नाही. तेव्हा 'हा खेळाडू शिक्षकाहून वा वैद्याहून इतक्या पटींनी थोर आहे काय?' हा प्रश्नच मला गैरलागू वाटतो. तसे कोणी म्हटलेले नाही.

आता जरा हिशेब मांडू. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क २०२२ साली ४८,३९० कोटी रुपयांस विकले गेले. म्हणजे सरासरीने वर्षास ९,६७८ कोटी. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघास खेळाडूंवर खर्च करण्याची मर्यादा होती १२० कोटींची. दहा संघांचे मिळून १,२०० कोटी. सामन्यांचे मानधन याहून वेगळे आहे, हे खरे. आणि तिकिटे व जाहिराती यांचे उत्पन्नही वेगळेच. तथापि केवळ प्रक्षेपणाच्या रुपयाशी ताडून पाहिले, तर ज्यांच्यासाठी लोक डोळे लावून बसतात त्यांच्या वाट्यास साडेबारा पैसेही येत नाहीत. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये उत्पन्नाचा सुमारे निम्मा वाटा खेळाडूंस करारानेच मिळतो. माल पिकविणाऱ्यास रुपयात साडेबारा पैसे मिळाले, तर आपल्या बाजारातही 'मधल्यांनी खाल्ले' असाच बोभाटा होईल.

शिवाय हा माल नाशवंत आहे. गहू कोठारात वर्षभर टिकतो, कांदा टिकत नाही. खेळाडूची कमाईची वर्षे दहा-बारा. गुडघा दुखावला तर तितकीही नाहीत. आपण मात्र साठी उलटली तरी गादीवर बसून भाव काढतो आहोत.

ही रक्कम पूर्वीपासून अशी होती असेही नव्हे. १९८३ साली भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा खेळाडूंस बक्षीस देण्याइतका पैसा नियामक मंडळापाशी नव्हता. लता मंगेशकर यांनी दिल्लीस विनामूल्य गायन केले आणि त्या उत्पन्नातून प्रत्येक खेळाडूस एक लाख रुपये मिळाले. पुढे दूरदर्शन संच घरोघरी गेले, जाहिरातदार आले, भाव वाढला. तो प्रेक्षकांनी आणि जाहिरातदारांनी स्वखुशीने दिला. त्यात मला पाप दिसत नाही.

माझी खंत निराळी आहे. ज्या खेळास प्रेक्षक नाही, त्याचा लिलावच होत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीस कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढून ते ऋण फेडले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक आणले, त्यांना महाराष्ट्र शासनाने एक कोटी रुपये जाहीर केले. काळ सुधारला खरा. पण हा पैसा पदक गळ्यात पडल्यावरचा. पेरणीच्या वेळी बी-बियाण्यास कोण देतो?

दूर कशास जावे? आपल्याच जिल्ह्यात १९८० नंतरच्या दशकात क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलामुलींस हेरून धावण्याचे शिक्षण दिले. काहींनी नावही कमावले. काही वर्षांतच ती योजना गुंडाळली गेली आणि पुष्कळजण पुन्हा मजुरीस लागले.

यापुढचे लिहिताना मला संकोच होतो. आमच्या दुकानी पोती वाहणाऱ्या एका हमालाची मुलगी शाळेत उत्तम धावत असे. कारवारच्या जिल्हा स्पर्धेसाठी तिची निवड झाली, तेव्हा बाप बूट आणि गाडीभाडे यांसाठी दोन हजार रुपये मागावयास आला. "शेठ, पगारातून कापून घ्या," असेही म्हणाला. मी म्हटले, "दिवाळीनंतर पाहू." त्याच महिन्यात गावच्या क्रिकेट-सामन्यांच्या ढालीस मी पंचवीस हजारांची देणगी दिली होती, फलकावर पेढीचे नाव मोठ्या अक्षरांत लागले होते. मुलगी स्पर्धेस गेली नाही. पुढे तिने शाळाही सोडली. बाप आजही पोती वाहतो. त्याने हा विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि मलाही काढवला नाही.

म्हणून मला वाटते की, पंत यांच्या सत्तावीस कोटींचा न्याय करण्याचा अधिकार आपणांस फारसा नाही. ते पैसे आपल्या तिजोरीतून गेलेले नाहीत. आपल्या तिजोरीतून काय जाते व कोठे जाते, याचा न्याय मात्र आपणांस करता येईल. आपला संघ दरवर्षी क्रिकेटच्या चषकासाठी रक्कम बाजूस काढतो. चषक बंद करावा असे मी म्हणत नाही. मुलांचा हिरमोड होईल. त्याची उंची कमी करावी, आणि उरलेल्या रकमेतून तालुक्यातील धावपटू व मल्ल यांस, जात वा धर्म न पाहता, बूट, खुराक आणि प्रवासभाडे द्यावे. अर्ज शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत घ्यावा आणि निकाल आठ दिवसांत द्यावा. फलक लावू नये.

येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तेथे अवश्य बोलावे. पेढीतर्फे पंचवीस हजार रुपये कोषाध्यक्षांकडे जमा केले आहेत. ठराव नामंजूर झाल्यास ते परत न करता त्याच कामी लावावेत, असे त्यांना लिहून दिले आहे.